डॅशबोर्डमागची जाळी

आषाढात बाबांना पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी वरसेला आणत होतो. नागोठणं मागं पडलं आणि समोरची काच आतून पांढरी झाली. फडक्यानं पुसली तर तेलकट थर आणखीच पसरला. गोडसर वास सुटला. मी गाडी कडेला घेतली. शेजारी बसलेल्या बाबांनी वाकून पायाखालचं जाजम चाचपलं आणि बोटं माझ्यापुढं धरली.

"पावसाचं पाणी नाय हे. चिकट हाय."

गाडीचा हीटर गळत होता. आमची गाडी जुनी, परदेशी बनावटीची. बाबा ज्या साहेबांकडे ड्रायव्हर होते त्यांनी कोकण सोडून जाताना ती बाबांच्या हवाली केली. एसी आणि हीटर दोन्ही मुळातच बसवलेले. इंजिनाचं गरम पाणी, कूलंट मिसळलेलं म्हणून चिकट, एका छोट्या जाळीतून फिरतं, त्या जाळीवरून वारा येतो, हा तो हीटर. ती जाळी सडली होती.

गॅरेजवाला म्हणाला, "हीटर वगळून नळी नळीला जोडून टाकू. कोकणात हीटर कोणाला लागतो?"

मलाही पटलं. बाबांना नाही पटलं. "पावसात काचेवरची वाफ कशानं घालवशील? फडक्यानं?"

मी रोह्याच्या कंपनीत मेंटेनन्सला. माझी उभी नोकरी हीट एक्स्चेंजर, म्हणजे एकाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं, खोलण्यात गेली. त्यातले काही दोन मजले उंच. ही तळहाताएवढी जाळी आपण बदलू, असं मला वाटलं. पण ती होती डॅशबोर्डच्या पार मागं, एसीच्या थंड जाळीला लागून, एकाच पेटीत. पेटी काढायची तर एसीचा गॅस आधी उतरवायला हवा, आणि अख्खा डॅशबोर्ड सुटायला हवा. उन्हानं तो पापडासारखा झालेला. एक कोपरा तुटला असता तर दुसरा मिळणं नव्हतं.

ताईचं पेणला मूर्तींचं शेड आहे. गणपती गेले, शेड रिकामं झालं, तेव्हा गाडी तिथं लावली. एसीवाल्यानं येऊन गॅस त्याच्या सिलिंडरमध्ये भरून नेला. मी पाणी काढलं, नळ्या सोडवल्या, स्क्रू काढले. डॅशबोर्ड मात्र हलेना.

"तू सर," ताई म्हणाली. तिनं सीटवर आडवं होऊन हात आत घातला आणि डोळे मिटले. कच्च्या मूर्तीचा हात साच्यातून सोडवावा तशी ती बोटांनी एकेक क्लिप शोधत गेली. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसलेले.

"हळू गो, हळू."

"बाबा, तुम्ही बोलू नका. मला ऐकू येत नाय."

काय ऐकत होती कोण जाणे. पण एक बारीक टक् झालं आणि डॅशबोर्ड सगळाच्या सगळा आमच्या दोघांच्या हातांत आला. मागं तारांचं, नळ्यांचं, झडपांचं जंजाळ होतं. एवढं सगळं आमच्या गुडघ्यांपुढं चालत होतं आणि आम्ही फक्त एक कळ सरकवत होतो.

पेटी उघडली. थंड जाळीवर भाताच्या तुसाचा थर बसला होता, जाडजूड, वाकळेसारखा. बाहेरची हवा ओढता ओढता वाटेवरच्या कासू गावाकडची कितीतरी सुगी पंख्यानं आत साठवलेली. आणि पेटीच्या कोपऱ्यात, गरम आणि थंड जाळ्यांच्या मधल्या भिंतीवर, कुंभारमाशीची मातीची घरटी. ओळीनं चिकटवलेली, रिकामी.

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. ताईनं मनगट धरलं.

"थांब रे. बघ तरी." तिनं सगळ्यात कडेच्या घरट्याच्या ओठावरून नख फिरवलं. तिचा सगळा जन्म मातीत गेलेला. "इतकी पातळ कड मला नाय जमत. आणि हिनं ही अंधारात केली."

घरटी अखंड सुटेपर्यंत तिनं मला पेटीला हात लावू दिला नाही. मग मी जुनी जाळी बाहेर ओढली. मापावर नवी तांब्याची करून घेतली, पाण्यात बुडवून हवा भरून पाहिली. एक बुडबुडा आला नाही. मी ती उन्हाकडे धरली. कंपनीतल्या त्या दोन मजली धुडाचं जे काम, तेच हिचं, आणि ही माझ्या हातावर मावत होती. इतकी वर्षं हे काम करून पहिल्यांदाच माझ्या अंगावर काटा आला.

सगळं परत बसलं. एसीवाल्यानं जोडांना नव्या रबरी रिंगा घालून गॅस भरला. परतीचा पाऊस कोसळत असताना आम्ही तिघं वडखळच्या रस्त्याला लागलो. काच पांढरी पडू लागली. मी एसी लावला आणि कळ गरमाकडे सरकवली. थंड जाळीनं हवेतला ओलावा ओढून घेतला, गरम जाळीनं हवा तापवली. काचेच्या खालच्या कडेला दोन स्वच्छ अर्धचंद्र उमटले, वाढत वर गेले, एकमेकांत मिसळले, आणि समोर भिजलेली शेतं लख्ख उभी राहिली.

बाबांनी झरोक्यापुढं हात धरला. "ऊन आणि गार, दोन्ही एकाच पेटीतून?"

"व्हय. मधे एक झडप आहे."

साहेबांच्या काळापासून त्यांनी ही गाडी चालवली होती. त्यांनी कळ थंडाकडे नेली, हात धरून वाट पाहिली. परत गरमाकडे नेली. चेहऱ्यावर देवळात शिरल्यासारखं काहीतरी.

मागून ताई म्हणाली, "बाबा, काय ते एक ठरवा. मला थंडी वाजते."

ते हसले, आणि कळ पुन्हा थंडाकडे नेली.