मशीन बंद करून राहिलो

माझा धंदा काय, हे आमच्या सौंसर गावात अजून कोणालाच कळलेलं नाही. परदेशातल्या मालकांनी इथल्या माणसाला कामावर कसं ठेवावं आणि कसं काढावं, हे मी त्यांना घरबसल्या सांगते. पण मोहल्ल्यात बातमी अशी, की ही वकीलबाई विदेशात नोकरी लावून देते. लोक बायोडाटा घेऊन येतात. एकानं संत्र्यांची पेटी आणली होती. मी ठेवून घेतली, नोकरीचं काही बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात जर्मनीतल्या एका मालकीणबाईंचं प्रकरण आलं. त्यांचा छोटा कारखाना लोधीखेड्याच्या बाजूला. तिथल्या एका ऑपरेटरनं ऐन ऑर्डरच्या दिवशी अख्खी शिफ्ट मशीन बंद ठेवली, म्हणून त्याला काढायचं होतं. पुरावा त्याचाच, सुपरवायझरला पाठवलेला मेसेज: ‘धूर निघून राहिला. मशीन बंद करून राहिलो. वाट पाहून राहिलो.’ पुण्याहून त्याचं इंग्रजी होऊन आलं, ते असं: धूर निघून गेला होता, मी मशीन बंद करून बसलो, वाट पाहत बसलो. चौकशीत विचारलं, तर गडी म्हणाला, ‘लिवलं तेच खरं हाये.’ झालं! कबुलीच की! मी इंग्रजी वाचलं, मराठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि काढायला हरकत नाही असा सल्ला ठोकून दिला. सोमवारी त्याच्या हातात कागद पडणार होता. बारा वर्षांची नोकरी, घरात दोन लेकरं. हेही फाइलीत होतं, आणि तेवढं मात्र मी वाचलं होतं.

रविवारी सकाळी आईनं माझी फाइल उघडली. आई रिटायर मास्तरीण. कागद दिसला की मोठ्यानं वाचते, औषधाची चिठ्ठीसुद्धा. गोपनीय वगैरे तिला लागू नाही.

‘धूर निघून राहिला. मशीन बंद करून राहिलो.’ एवढं वाचून ती त्या कागदावरच खेकसली, ‘मंग कर ना बाप्पा लवकर बंद! मले कायले सांगून राहिला?’

माझा चहा बशीत सांडला. माय व! करून राहिलो म्हणजे करतो आहे. आत्ता, या घडीला. आमच्याकडे पांढुर्ण्यापासून रामाकोन्यापर्यंत शेंबड्या पोरालाही हे कळतं. धूर निघत होता, हा मशीन बंद करत होता आणि सुपरवायझरसाहेबांची वाट पाहत होता. साहेबांनी मोबाइल वेळेवर पाहिलाच नसणार. पुण्याच्या माणसाला नाही समजलं, त्याला काय बोलणार? पण मी तर इथली! कॉलेजात मुली हसल्या म्हणून ‘करून राहिली’ जिभेवरून खरवडून काढलं होतं मी. इतकं, की समोर लिहिलेलं असूनही माझं डोकं तिकडे गेलं नाही. लाज वाटली, स्वतःचा संतापही आला.

जर्मन माणसाला रविवारी कामाचा फोन करणं म्हणजे पाप. केला. माझा सल्ला चुकला, ‘करून राहिलो’ म्हणजे ‘करतो आहे’, उद्याचा कागद देऊ नका, असं सांगितलं.

बाई म्हणाल्या, ‘त्याचा अर्थ तोच, हे तुम्ही कशावरून म्हणता?’

‘माझ्या घरी असंच बोलतात.’

‘मग आधी का नाही सांगितलंत?’

मी पुन्हा तेच सांगितलं, उद्याचा कागद थांबवा. शेवटी त्यांनी कागद थांबवला आणि माफी मागायचं काम माझ्यावरच सोपवलं.

पुढच्या आठवड्यात मी कारखान्यात गेले. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस, हात पुसत समोर येऊन उभा राहिला. मी तयारी करून आले होते. भाषांतरात तफावत झाली, गैरसमज झाला, कंपनीला खेद आहे, असं बरंच बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, ‘मॅडम, म्या तं मराठीतच लिवलं होतं. कोनंच वाचलं नाही काय?’

बाजूला उभ्या सुपरवायझरनं हातातला मोबाइल खिशात टाकला.

‘मी नाही वाचलं,’ मी म्हणाले.