वेल्डिंग आणि टेबलफॅन

घरामागच्या शेडमध्ये मी हौसेनं वेल्डिंग शिकतोय. बायकोला कुंड्यांसाठी स्टँड करून द्यायचंय. काल जोड कसा गुळगुळीत आला होता! आज तेच मशीन, तीच तार, आणि जोड सगळा भोकाभोकांचा. गंज घासला, सिलिंडर तपासला. काही कळेना.

बायकोनं वाकून पाहिलं. "अगदी अनारशासारखी जाळी पडलीय," ती कौतुकानं म्हणाली.

"लोखंडाला जाळी पडून चालत नाही गं."

"बरं, आधी घाम पुसा." आणि सकाळी तिनंच आणून ठेवलेल्या टेबलफॅनचं तोंड तिनं आणखी माझ्याकडे वळवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या वेल्डिंगमध्ये तारेभोवती गॅस सुटतो आणि वितळलेल्या लोखंडाला बाहेरची हवा लागू देत नाही. तो गॅसच पंखा उडवून लावत होता.

एक न दिसणारी हवा लोखंडाला जपत होती, दुसरी मला, आणि दोघींचं पटत नव्हतं. चूक कोणाची म्हणायची? आजवर आपले किती जोड असे कोणाच्या मायेनंच कच्चे राहिले असतील? आणि ती माया नसती, तर जोडायला बसलो तरी असतो का?

ती आत गेल्यावर मी हळूच पंखा बंद केला. जोड सुरेख आला. तेवढ्यात ती सरबत घेऊन परतली.

"पंखा का बंद?"

"लाईट गेली असेल."

डोक्यावरचा दिवा लख्ख जळत होता. तिनं दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदरानं मला वारा घालू लागली.