सरांची फूक

कॉलेजात संगीत घेतलंय म्हटलं की लोक विचारतात, गातेस का? बासरी म्हटलं की गप्प होतात. मुलीच्या हातात बासरी त्यांनी कॅलेंडरवरसुद्धा पाहिलेली नसते. आमच्या कॉलेजातही गाणं होतं, तबला होता, पेट्या तर ढिगाने होत्या; बासरी शिकवायला कोणी नव्हतं. विभागाच्या बाईंनी पहिल्याच वर्षी हात झटकले: बाहेर शिकून ये, परीक्षा आम्ही घेऊ. म्हणून दर शनिवारी दुपारी मी नाशकात गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका फ्लॅटवर जायचे. तिथे सर आणि काकू दोघंच राहत.

सर काही सांगत नसत. लिहून देत नसत आणि रेकॉर्डिंगही करू देत नसत. ते वाजवणार, मी तसंच वाजवायचं. चुकलं की पुन्हा वाजवणार. काय चुकलं ते विचारलं की म्हणायचे, "कान कुठे ठेवून आलीस? इगतपुरीला?" इगतपुरी माझं गाव. वडील तिथे रेल्वेत आहेत. सरांचा सूर जाड होता, सुरू होताना किंचित हवा यायची आणि मग स्वर भरत जायचा. पहिलं वर्षभर मी फक्त त्या सुराच्या मागे लागले होते. कौतुक कधी झालं नाही. चहाबरोबर काकू एखादं बिस्किट जास्त ठेवायच्या, तेवढ्यावरून आज बरं वाजलं असावं असं मी धरून चालायचे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर गेले तर काकूंनी दार अर्धंच उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आत ये, पण चेहऱ्यावर काही दाखवू नकोस हं."

सरांचा चेहरा डावीकडून उतरला होता. डोळा मिटत नव्हता, ओठाचा कोपरा खाली लोंबत होता. एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडात राहीना, तेव्हा कळलं म्हणे. डॉक्टर म्हणाले होते, चेहऱ्याचा लकवा आहे, बहुतेकांचा आपोआप बरा होतो. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मान खाली घालून पिशवीतून बासरी काढायला भलताच वेळ लावला. सरांनीही आपली बासरी उचलली आणि ओठांना लावली. सगळी हवा डाव्या कोपऱ्यातून निघून गेली, रिंग गेलेल्या कुकरसारखी. त्यांनी पुन्हा फुंकलं. मग बासरी पुसून आडवी ठेवली आणि म्हणाले, "गाऊन दाखवतो."

तेही धड जमेना. सा रे ग ठीक यायचे. म आणि प म्हणायला ओठ मिटावे लागतात, हे मला तोपर्यंत कधी लक्षात घ्यावंच लागलं नव्हतं. त्या दोन जागी नुसता वाफेसारखा आवाज यायचा. आमच्या थिअरीत एक नियम आहे: एकाच रागात मध्यम आणि पंचम दोन्ही एकदम वर्ज्य नसतात, दोघांतला एक तरी लागतोच. परीक्षेत दोन मार्कांना विचारतात. सर वाकडं हसून म्हणाले, "बघ, सुटका नाही." मग त्यांनी मारवा काढला. त्यात पंचम नाही. निदान एक खड्डा कमी.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "मंग दुसरा मास्तर बघ ना. नाशकात काय तोटा हाय का?" तोटा नव्हता. पण मला वाजवायला येत होतं ते एवढंच, सरांसारखं. आणि सरांना सोडून जायची मला लाज वाटत होती, हेही खरंच.

हिवाळा गेला. सर आरशासमोर गाल फुगवायचे, फुगे फुंकायचे, फिजिओकडे जायचे. चेहरा थोडा वर आला, ओठ आला नाही. आता डॉक्टर 'बहुतेकांचा' हा शब्द वापरत नव्हते. शनिवारी मी वाजवायचे आणि सर डोळ्यावर ओला रुमाल ठेवून ऐकायचे. आयुष्यभर न बोललेला माणूस आता बोलायला लागला होता, आणि बोलायचा ते एकाच गोष्टीबद्दल. "माझी फूक अशी नव्हती. अजून खालून. अजून जाड." मी पुन्हा धैवत लावायचे. "नाही. तो तुझा झाला. माझा लाव." डोकं गरगरायचं, ओठ बधिर व्हायचे. कधी कधी त्यांचा इतका राग यायचा की बासरी तिथेच ठेवून खाली उतरावंसं वाटे. पण त्यांचा सूर त्यांच्याकडे उरला नव्हता. मलाही तो नीट आला नाही, तर तो कुठेच राहणार नव्हता. हे आम्हा दोघांनाही कळत होतं, म्हणून मी उतरत नव्हते आणि ते थांबू देत नव्हते.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी तो लागला. मलाच आधी कळलं. आधी थोडी हवा, मग भरत जाणारा रिषभ. सरांनी रुमाल काढला. मी थांबले नाही, तसाच पुढे निषादावर गेले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काही तरी पडल्याचा आवाज झाला आणि काकू धावत बाहेर आल्या. कोपरापर्यंत कणीक होती. चेहरा असा काही फुलला होता की तसा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "आला? अहो, आला ना सूर?" त्या सरांकडे बघत होत्या. मग त्यांना सरांचे रिकामे हात दिसले, मग माझी बासरी. "नाही, मला वाटलं…" एवढं म्हणून त्या आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला.

सर म्हणाले, "झालं तुझं. आता येऊ नकोस."

मी म्हटलं, परीक्षा आहे, अजून द्रुत बंदिश राहिली आहे. "येऊ नकोस म्हटलं ना!" ते ओरडले. ओरडताना चेहरा आणखी वाकडा झाला आणि त्यांनी तो हाताने झाकून घेतला.

परीक्षा दिली. बाहेरून आलेले परीक्षक एकदम सावरून बसले आणि त्यांनी सरांचं नाव घेऊन विचारलं, त्यांच्याकडची का? मी हो म्हटलं. मार्क चांगले पडले. आनंद वगैरे काही झाला नाही.

तिसरं वर्ष सुरू झालं आणि एका गुरुवारी काकूंचा फोन आला. "हे फिजिओकडे गेलेत. येतेस का थोडा वेळ?" मला वाटलं, तब्येतीचं काही असेल. गेले तर सतरंजी घातलेली होती. काकू म्हणाल्या, "तो मारवा वाजव." आणि त्या माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. कोण वाजवतंय ते त्यांना बघायचं नव्हतं. मी वाजवलं. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "यांना बोलू नकोस हं."

नंतर बरेच गुरुवार मी जात राहिले. नाही म्हणवत नव्हतं.

गेल्या गुरुवारी वाजवून झालं, दार ओढून घेतलं आणि वळले, तर जिन्याच्या पायरीवर सर बसले होते. भाजीची पिशवी मांडीवर होती. मेथी पार कोमेजून गेली होती, म्हणजे आत्ता आलेले नव्हते. हा काही पहिला गुरुवारही नसावा. त्यांनी वर पाहिलं नाही, फक्त गुडघे एका बाजूला घेऊन मला जायला जागा करून दिली.

मला रडू फुटलं आणि संतापही आला. एक आत भिंतीकडे तोंड करून, एक बाहेर जिन्यात, आणि दोघांच्या मधे मी, त्यांचा सूर वाजवणारी. मी चपला हातात घेऊन खाली उतरले. गाडी सुरू करण्याआधी वर कान देऊन थांबले. वरचं दार वाजलंच नाही. सर अजून तिथेच बसून होते.