चौसाळ्याचा एकोणीस इंची रॅक

चौसाळ्यात मन्मथअप्पा माईकवाल्यांचं दुकान कुणीही दाखवी. हमरस्त्याला लागून पत्र्याची खोली, आत भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर आणि वायरींची वेटोळी. अप्पा मोजकं बोलत. वायर गुंडाळताना एखादा वेढा लहान झाला, तर सगळी सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळत. "जमणार न्हाई" असं म्हणणं मात्र त्यांना कधी जमलं नाही, आणि त्यामुळेच ते आमच्या हाती सापडले.

मी तेव्हा धवलगंगा दूध संस्थेचा सचिव होतो. दोन हजार तेराचा उन्हाळा फेब्रुवारीतच लागला होता. जनावरं संस्थेच्या मैदानातल्या चारा छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत, आणि दूध इतकं आटलेलं की शीतकरणाची खोली बंद पडली होती. अशात वरून पत्र आलं की एका योजनेतून आमच्या संस्थेला रेडिओ केंद्र मंजूर झालं आहे. आम्ही तीन वर्षांपूर्वी दुधाची फॅट मोजायचं यंत्र मागितलं होतं. पण चेअरमन बबनराव म्हणाले, सरकारातून आलेलं परत पाठवलं तर पुढच्या वेळी काहीच येत नाही. ठराव झाला. स्टुडिओ शीतकरणाच्या खोलीत करायचं ठरलं, कारण तिच्या भिंती जाड होत्या आणि आत बसलं की बाहेरची म्हैस ऐकू येत नसे.

मार्चमध्ये अकरा खोकी आली. माईकचं एक मॉड्यूल, टेलिफोनचं एक, आवाज मोजायच्या मीटरचं एक, अशी सुटी सुटी यंत्रं. ती एकाखाली एक एका उभ्या लोखंडी सांगाड्यात बसवायची आणि मागून वायरींनी जोडायची. सांगाडा मात्र आला नव्हता. पत्रात एक ओळ होती: 'एकोणीस इंची रॅक स्थानिक पातळीवर तयार करून घ्यावा.' लग्नं पुढं ढकलल्यामुळं अप्पा रिकामेच होते. त्यांनी माहितीपुस्तकातली आकृती वहीत उतरवून घेतली आणि ती उत्तरेश्वर मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री पत्र्याची कपाटं करीत. छावणीतल्या गव्हाणीही त्यांनीच केल्या होत्या.

पहिला रॅक चार दिवसांत आला. आतून मोजला तर बरोबर एकोणीस इंच. अप्पांनी माईकचं मॉड्यूल पुढून आत सरकवलं आणि ते न थांबता मागून बाहेर आलं. मी मागं उभा होतो म्हणून ते माझ्या पोटावर अडलं. तेव्हा कळलं की एकोणीस इंच ही यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी. आतली मोकळी जागा सव्वा इंचानं कमी लागते, म्हणजे पट्टी दोन्हीकडच्या खांबांवर टेकते. मिस्त्रींना ते लागलं. त्यांनी दुसरा रॅक बाहेरून एकोणीस इंच केला. त्यात काहीच शिरेना.

तिसऱ्या रॅकची रुंदी बरोबर जमली. अप्पांनी पट्टीचा वरचा स्क्रू पिळला, तो बसला. खालच्या स्क्रूला समोर भोकच नव्हतं, कोरा पत्रा होता. जरा खाली घेतलं तर खालचा बसे आणि वरचा हुके. दुपारभर ते यंत्र वर खाली करीत राहिले. शेवटी मोजपट्टी लावून भोकं मोजली. आकृतीत दोन अंतरं सारखी, तिसरं थोडं कमी, पुन्हा दोन सारखी, असा क्रम होता. रॅकवरची सगळी भोकं अगदी एकसारख्या अंतरावर होती.

अप्पा मला घेऊन मिस्त्रींच्या शेडमध्ये गेले.

"तुमच्या कागदावर भोकं चुकली व्हती," मिस्त्री म्हणाले. "मी नीट केली."

"कावून नीट केली?"

"वाकडं काम माझ्या हातून व्हत न्हाई, अप्पा. निम्म्या गावात माझी कपाटं हायत."

अप्पांनी रॅकच्या भोकांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमचंच बरोबर हाय. पर साऱ्या जगानं ही भोकं वाकडी पाडलीत, आन हे सामान त्या जगातून आलंय. आपल्याला बी वाकडंच करावं लागंल."

मिस्त्री दोन दिवस कामाला हात लावीनात. तिसऱ्या दिवशी संस्थेत आले आणि म्हणाले, ही चूक माझी नाही असं लेखी द्या. मी संस्थेच्या कागदावर लिहून दिलं की सदर रॅकच्या भोकांमधली असमान अंतरं संस्थेच्या मागणीवरून ठेवली असून मिस्त्री त्यांस जबाबदार नाहीत. खाली सही, शिक्का. तो कागद त्यांनी शेडमध्ये काचेखाली लावला.

चौथा रॅक सगळ्या बाजूंनी बरोबर होता, पण उंच होता. खोलीत आडवा गेला. उभा करायला लागलो तर छताला अडकला, कारण उभा राहिल्यावर तो मावत असला तरी उभा होता होता मावत नव्हता. मिस्त्रींनी तो तिथंच मधोमध कापला, दोन्ही तुकडे उभे केले आणि आतच वेल्डिंग मारलं.

मग चौकोनी नटांची पाळी आली. भोकात नट मागून बसवायचा, त्याला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगचे कान. ते कान चिमटून धरायचे आणि अलगद सोडायचे. सोडले की निम्मे नट बसत, निम्मे उडत. खोलीला दुधाचे कॅन आत घ्यायची एक खिडकी होती आणि खिडकीखाली छावणीची गव्हाण. अप्पा रोज संध्याकाळी नट मोजून ठेवीत. चौथ्या संध्याकाळी एक कमी भरला.

त्या गव्हाणीला भिवराबाईंची गाय होती. भिवराबाई कडा गावाकडच्या ऊसतोडीहून आलेल्या. ऊसच नव्हता, म्हणून तोड लवकर आटोपली होती आणि त्या गाईशेजारी छावणीतच राहत. लोखंड पोटात गेलं तर जनावर दगावतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या खिडकीशी आल्या.

"माझ्या गाईच्या पोटात तुमचा रेडिओ गेलाय," त्या म्हणाल्या. "आता बोला."

त्या ओरडल्या नव्हत्या. त्यांचं साधं बोलणंच छावणीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात असे. अर्ध्या तासात सगळ्या छावणीत झालं की भिवराबाईंच्या गाईनं रेडिओ गिळला. दोन म्हातारे गाईच्या कुशीला कान लावून बसले. एकानं सांगितलं, आत काहीतरी चालू आहे. ते रवंथ होतं, पण कुणी ऐकेना. बबनरावांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी गाईच्या छातीजवळ होकायंत्र धरलं आणि काटा हलला. मग लक्षात आलं की ते गव्हाणीच्या पत्र्याला टेकून उभे होते. पुढं सरकून पाहिलं तर काटा कधी हलला, कधी नाही. अखेर त्यांनी गाईला एक लोहचुंबक गिळायला घातलं. नट असलाच तर तो पोटात चुंबकाला चिकटून राहील, टोचणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

दोन दिवस अप्पा कामाला आले, पण नटाला हात लावीनात. गाय बसली की खिडकीपाशी जात, उठली की परत येत. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातला स्पीकर हलवताना त्याच्या मागच्या चुंबकाला नट चिकटलेला सापडला. मी म्हटलं, गाय बरी आहे, आता सांगून काय उपयोग? अप्पांनी ऐकलं नाही. नट तळहातावर घेऊन ते भिवराबाईंकडे गेले. म्हणाले, "बाई, नट माझ्यापाशीच व्हता. तुमच्या गाईला फुकटचा तरास झाला."

भिवराबाईंनी नट उलटापालटा करून पाहिला. मग विचारलं की चुंबक आता बाहेर काढता येईल का. येणार नव्हतं. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "न्हाईतरी चाऱ्यात तारा येत्यातच."

अप्पा तिथून हलेनात. त्यांना आणखी एक सांगायचं होतं. बाई खिडकीशी बोलत होत्या तेव्हा आत माईक चालू होता. रॅकच्या खटाटोपात इतक्या दिवसांत मीटरचा काटा जिथं असायला हवा तिथं एकदाही आला नव्हता. त्यांच्या आवाजाला तो बरोबर तिथं जाऊन उभा राहिला होता. रेडिओवर बोलाल का, असं अप्पांनी विचारलं. मला लिहिता वाचता येत नाही, असं त्या म्हणाल्या. अप्पा म्हणाले, ऐकणाऱ्यालाही वाचायचं नसतं.

एप्रिलच्या शेवटी रॅक पुरा झाला. यंत्रं तापू नयेत म्हणून अप्पांनी मध्ये मोकळे खण ठेवले होते. पाहुण्यांना सामान कमी आल्यासारखं वाटेल म्हणून बबनरावांनी त्यांत संस्थेचे अहवाल उभे करून ठेवले. अप्पा ते रोज सकाळी काढीत आणि बबनराव रोज दुपारी ठेवीत. हे महिनाभर चाललं.

प्रक्षेपणाचा परवाना मात्र आला नव्हता. मग अप्पांनी रॅकमधून वायर काढून ती छावणीतल्या चार भोंग्यांना जोडली. रोज सकाळी भिवराबाई टँकर कधी येणार, डॉक्टर कुठल्या रांगेत आहेत, कुणाची म्हैस सुटली, हे सांगत. पहिल्या दिवशी अप्पा छावणीच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. भोंग्यातून गुणगुण नाही, खरखर नाही, नुसता माणसाचा आवाज. ते परत आले तेव्हा डोळे पुशीत होते. धूळ फार आहे, म्हणाले.

पावसाळ्यात छावणी मोडली, दूध पुन्हा यायला लागलं आणि संस्थेला खोली परत हवी झाली. रॅक बाहेर निघत नव्हता आणि मिस्त्री आपला जोड कापू देईनात. तेव्हा एका बाजूला दुधाची टाकी, दुसऱ्या बाजूला रॅक, अशी तडजोड झाली.

डिसेंबरात परवान्याआधीच्या पाहणीला तपासनीस आले. त्यांनी मोजपट्टी काढून भोकं मोजली आणि शेरा लिहिला: 'रॅक प्रमाणित मापाचा.' मिस्त्रींनी तो शेरा मला तीनदा वाचायला लावला. परवाना महिन्याभरात आला, पण भिवराबाई ऊसतोडीला गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाकडून बोलून घ्या, असं बबनराव म्हणाले. अप्पांनी संस्थेत येऊन सांगितलं, "मीटर त्यांच्या आवाजाला लावलंय." एवढंच बोलून ते बाकावर बसून राहिले. सभेनं उद्‌घाटन एप्रिलपर्यंत पुढं ढकललं.

एप्रिलात टाकीचा कॉम्प्रेसर वीस मिनिटं बंद ठेवून आम्ही केंद्र सुरू केलं. बबनरावांचं भाषण लांबलं, म्हणून भिवराबाईंच्या बातम्यांना चारच मिनिटं उरली. पहिली बातमी एका हरवलेल्या कालवडीची होती. ती दुपारपर्यंत सापडली.