न काढलेले स्क्रीनशॉट

दोन बटणं एकदम दाबायची असतात, आणि सुरुवातीला मालन परबचं घोडं तिथेच अडायचं. आवाजाचं बटण आधी दाबलं गेलं की नुसता आवाज कमी व्हायचा, दुसरं आधी दाबलं गेलं की पडदाच काळा पडायचा. मग टॅबच्या नावाने बोटं मोडत ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मुलगा मुकुल जहाजावर जायच्या आधी तिला घेऊन बसला होता. आई, घाई करू नकोस, दोन्ही बोटं टेकव आणि मग दाब, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याचंच डोकं फिरलं. पण ही बाई हट्टाला पेटली की पेटली. आता तिचा हात असा बसलाय की एका हाताने आमटी ढवळताना ती दुसऱ्या हाताने स्क्रीनशॉट काढते.

काढते कसला, तर समुद्राच्या नकाशाचा. मुकुल 'ओशन जास्मिन' नावाच्या मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर. जाताना त्यानेच टॅबवर एक ॲप टाकून दिलं. जहाजाचं नाव घातलं की निळ्या पाण्यात एक हिरवा बाण दिसतो, तेच जहाज. खाली नाव, वेग, आणि शेवटची खबर कधी मिळाली ते. पोराला वाटलं, आई दिवसातून एकदा बघेल आणि निवांत राहील. कसलं काय, ते ॲप त्याच्याच अंगाशी आलं. मालन उठली की बघायची, चहा टाकला की बघायची, कुकरची शिट्टी होईपर्यंत बघायची. आणि मेला बाण हलताना दिसेल तर शपथ. मुंगी परवडली, ती चाललेली दिसते तरी. म्हणून ही सकाळी एक स्क्रीनशॉट काढायची, दुपारी दुसरा, आणि दोन्ही मागेपुढे करून ताडून बघायची. सरकलाय, थोडा सरकलाय. मग तासभर बरं वाटायचं.

मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. शेजारची प्रेमा दार उघडलं की पहिलं विचारायची, काय गं, जास्मिन कुठवर आली? वरच्या मजल्यावरच्यांना तर बरेच दिवस वाटत होतं की मुकुलचं कुठेतरी जमलंय आणि मुलगी परजातीची आहे.

मालनच्या या तळमळीला कारण होतं. मुकुल निघाला त्या सुमारास टीव्हीवर रोज तांबड्या समुद्रातल्या बातम्या चालू होत्या. जहाजांवर हल्ले, धूर, काळी पडलेली लोखंडं. मालनने हाय खाल्ली. तिने पोराला देव्हाऱ्यासमोर उभं केलं, नारळावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं की त्या बाजूला जायचं नाही. आमचं जहाज ब्राझीलच्या बाजूला फिरतं गं आई, तो म्हणाला. तरी ठेव हात, ती म्हणाली. तो नारळ तिने देवाजवळच ठेवला. पोरगा घरी आला की वाढवायचा, तोवर जागचा हलवायचा नाही, ही त्यांच्या मालवणच्या घरची रीत.

आणि या सगळ्यात तिचा नवरा देवदत्त म्हणजे नुसता थंड गोळा. मुलुंडच्याच एका छोट्या कारखान्यात इलेक्ट्रिकच्या स्विचवर काम करून निवृत्त झालेला माणूस. पेपर घेऊन गॅलरीत बसायचा, संध्याकाळी खाली चक्कर मारून यायचा. मालन टॅबवर वाकलेली दिसली की म्हणायचा, तुझ्या बघण्याने काय जहाज जास्त पळणार आहे? तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. बाप आहे की दगड, असं ती प्रेमाला सरळ बोलून दाखवायची. चार वाक्यं काळजीने बोलला असता तर जीभ झिजली असती का याची?

मध्यंतरी तर त्याने हद्द केली. मालन सकाळी दिवा लावायला गेली तर तिच्या नारळाशेजारी दुसरा नारळ. तिने विचारलं, हा कुणी ठेवला? देवदत्त पेपरातून मान वर न करता म्हणाला, बाजारात स्वस्त मिळाला, असू दे. चटणीचा नारळ देवात ठेवणारा हा पहिलाच माणूस, म्हणत मालनने कपाळावर हात मारला. पण देवापुढे ठेवलेलं उचलायचं तरी कसं? राहिला तो तिथेच.

मुकुलचा व्हिडिओ कॉल आला की मालन त्याचेही स्क्रीनशॉट काढायची. फोन ठेवल्यावर पोराचा चेहरा दोन बोटांनी मोठा करून गाल बघायची. मागच्या महिन्यातला चेहरा काढायची, शेजारी हा. सुकलाय. की उजेडामुळे दिसतोय तसा? यात तिचा अख्खा दुपारचा वेळ जायचा. गेले काही दिवस मात्र कॉलच नव्हता. तिकडे नेट मिळत नसेल, देवदत्त म्हणाला. जास्मिनचा बाण तर ब्राझीलच्या किनाऱ्याला मजेत उभा होता, तरी तिच्या जिवाला चैन पडेना. आईच्या मनाला काय, निमित्तच लागतं.

अशात एका दुपारी टॅब अडून बसला. जागा संपली म्हणाला. स्क्रीनशॉट काढायला जावं तर निघेचना. आली का पंचाईत, मालन स्वतःशीच बोलली आणि जमिनीवर बैठक मारून साफसफाईला बसली.

काय काय निघालं त्यात. चुकून काढलेले घड्याळाचे स्क्रीनशॉट कितीतरी. आंबोळ्यांची अर्धीच आलेली कृती. एकात तिचंच बोट अर्ध्या पडद्यावर. तिने ते भराभर उडवले. मुकुलचे चेहरे, डोळे मिटलेले असले तरी, एकालाही हात लावला नाही. मग नकाशांवर आली. जुने ठेवून करायचंय काय, म्हणत एकेक निवडायला लागली आणि मध्येच थांबली.

हा नकाशा तिचा नव्हता. समुद्र इतका निमुळता की दोन्हीकडून जमीन अंगावर आलेली. बाण होता, तसाच हिरवा, पण खाली नाव होतं 'ओशन मॅग्नोलिया'. आधी तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. मग पुढचा उघडला, तोही तसाच. त्याच्या पुढचाही. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे सगळे चिंचोळे, उभे आहेत. टॅबचा स्क्रीनशॉट रुंद येतो. हे फोनवरचे होते.

घरात फोनवरून टॅबमध्ये येणारं एकच माणूस होतं. मुकुलने जाताना दोघांना मिळून एकच अकाउंट करून दिलं होतं, म्हाताऱ्यांना दोन दोन पासवर्ड कुठे लक्षात राहणार म्हणून. त्यामुळे देवदत्तच्या फोनमधलं सगळं टॅबमध्ये येऊन पडायचं. गळक्या नळाचे फोटो, सुप्रभातवाले गुलाब, सगळं. मालन त्याकडे कानाडोळा करायची. या गुलाबांच्या गर्दीतच हे नकाशे इतके दिवस पडून होते.

तिने वेळा बघितल्या. खाली चक्कर मारून येतो म्हणायचा, त्या वेळचा एक. ती अंघोळीला असायची, तेव्हाचा एक. पेपर वाचायच्या वेळचे तर ढीगभर. तिने मुकुलच्या शेवटच्या कॉलचा स्क्रीनशॉट उघडला, ज्यात तिने इतके दिवस फक्त गाल बघितले होते. आता तिने त्याच्या खांद्यामागचं कठड्याला टांगलेलं केशरी कडं मोठं केलं. त्याच्यावर इंग्रजीत जहाजाचं नाव रंगवलं होतं. 'ओशन', आणि पुढे 'मॅग्नो'. बाकीचं त्याच्या खांद्याआड होतं.

दगड म्हणाली होती ती त्याला.

शेवटचे सगळे स्क्रीनशॉट तर एकासारखे एक होते. बाण त्याच जागी. खाली शेवटच्या खबरेची वेळ तीच, आणि ती प्रत्येक फोटोत आणखी जुनी होत गेलेली. मालनने ॲप उघडून मॅग्नोलियाचं नाव घातलं. तांबडा समुद्र. बाण तिथेच. जहाजाकडून खबर नाही.

मग तिचा असा संताप झाला की टॅब भिंतीवर फेकावासा वाटला. बापलेकांनी मिळून तिला बावळट बनवलं होतं. पोरगा मरणाच्या दारात उभा आणि ही दुसऱ्याच कुणाच्या जहाजाला दृष्ट लागू नये म्हणून जपत बसलेली. येऊ दे घरी, आज सोडत नाही, म्हणत ती उठली, स्वयंपाकघरात गेली, परत आली, पुन्हा गेली. पाणी प्यायला घेतलेला पेला तसाच ओट्यावर राहिला. देव्हाऱ्यासमोरून जाताना तिची नजर त्या दोन नारळांवर पडली, आणि ती तिथेच थांबली. हा माणूस लग्नापासून कधी देवासमोर उभा राहिला नव्हता. पोराने मोडलेल्या शपथेची भरपाई म्हणून त्याने हा नारळ आणून ठेवला होता, आणि तिने त्याला चटणीचा म्हणून हिणवलं होतं. मालन तोंडाला पदर लावून रडली.

संध्याकाळी देवदत्त वर आला. त्याने चहा मागितला, तिने दिला. त्याचे डोळे खोल गेलेत हे तिला आज दिसलं. पोराचे गाल मोजणाऱ्या बाईने नवऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

“काय, तुझी जास्मिन कुठे आहे?” त्याने रोजच्यासारखं विचारलं.

“आहे की ब्राझीलला,” ती म्हणाली. “बरं चाललंय.”

तो मान हलवून फोन घेऊन गॅलरीत गेला. तोंडाने सांगणं तिला जमणार नव्हतं. बोलायला लागली असती तर आधी शिव्याच बाहेर पडल्या असत्या. तिने टॅब घेतला, मॅग्नोलियाचा बाण समोर आणला, दोन्ही बोटं टेकवली आणि दाबली. रुंद, टॅबवरचा स्क्रीनशॉट. तो आता त्याच्या फोनमध्ये जाऊन पडणार होता, आणि कालचा-आजचा ताडून बघायला देवदत्त फोटो उघडल्याशिवाय राहणार नव्हता. आपल्यासारखाच आहे मेला, तिला वाटलं.

मग तिने तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच पुन्हा निवडले. गॅलरीत वेताच्या खुर्चीची करकर होत होती, ती मध्येच थांबली. मालनचा हात सुपातच राहिला. मग तो दारात येऊन उभा राहिला, हातात फोन तसाच. देवदत्त घरात सगळ्यांशी मुंबईचीच मराठी बोलायचा. मालवणी त्याच्या तोंडात यायची ती जीव घाबरला की.

“सरक वायच,” तो म्हणाला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं, की ब्राझीलला जाताना जास्मिन तेल भरायला सिंगापूरला थांबली होती, तिथे मॅग्नोलियाचा फिटर आजारी पडला आणि कंपनीने मुकुलला त्या जहाजावर चढवलं. नाही म्हणण्यासारखी त्याची परिस्थिती नव्हती. पोराने बापाला फोन करून गळ घातली, आईला कळू देऊ नका, ती बसल्या जागी मरेल. त्या भागात जहाजं मुद्दाम आपली खबर बंद ठेवतात, म्हणजे कुणाला सापडू नयेत, असंही तो म्हणाला होता. पण किती दिवस बंद ठेवतात ते बापाने विचारलं नव्हतं, आणि तेवढ्या एका न विचारलेल्या प्रश्नाने त्याची झोप उडवली होती. मालनने सगळं ऐकून घेतलं. भांडायचं नंतर, तिने ठरवलं. ती रात्र आणि दुसरा दिवस दोघं एकाच टॅबवर वाकून होती. पेपर दारातच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाण उडी मारल्यासारखा वर दिसला, धोक्याचा पट्टा मागे टाकून समुद्राच्या पार टोकाला, कालव्याच्या तोंडाशी. देवदत्तने चष्मा काढला आणि पुसत बसला. मालनने नाव पुन्हा घालून बघितलं, मग परत एकदा. तेवढ्यात टॅबच वाजायला लागला. मुकुल होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, पण हसत होता. सॉरी गं आई, ब्राझीलला नेटची वाट लागली होती, तो म्हणाला.

देवदत्तने तिच्याकडे बघितलं. मालनने दोन्ही बोटं टेकवून पोराचा चेहरा काढून घेतला.

“बघितलं रे मी, तुझी जास्मिन मजेत आहे,” ती म्हणाली. “तिकडे ऊन फार असेल. टोपी घालत जा.”

पोराचा चेहरा सैल झाला. मग त्याने जेवणाचं सांगितलं, बापाच्या गुडघ्याचं विचारलं आणि फोन ठेवला. देवदत्तने विचारलं, का नाही झापलंस त्याला? मालन स्क्रीनशॉट मोठा करून गाल बघत होती.

“माल उतरवून त्याच वाटेने परत यायचंय त्याला,” ती म्हणाली. “आई घरी शांत झोपलीय असं वाटू दे.”

तिने टॅब मिटला, उठून देव्हाऱ्यात दिवा लावला आणि दोन्ही नारळ जरा बाजूला सरकवून तिसऱ्यापुरती जागा केली.

“उद्या बाजारात गेलात की अजून एक आणा,” ती त्याला म्हणाली. “चटणीचा.”