दोननंतर थेट चार?

ऐका, पण आधी चहा संपवा. नाहीतर हसताना नाकातून येईल आणि बोल मला लावाल.

रेवदंड्याला अश्रफभाईंचा बर्फाचा कारखाना. तिथलं मशीन मी बघतो. पॅनेलात एक डबा आहे, चहापत्तीच्या डब्याएवढा. त्याला म्हणतात पीएलसी. पाणी कधी घ्यायचं, बर्फ कधी पाडायचा, सगळं तोच ठरवतो. आम्ही माणसं नुसती बघायला!

तर अश्रफभाईंनी पॅनेलवर नवा स्क्रीन बसवला. तो काही डब्याशी बोलेना. म्हणे डब्यातलं फर्मवेअर जुनं. म्हणजे डब्याचं जन्मापासूनचं डोकं. ते बदलायला मुंबईहून एक मॅडम आली. आणि दिवस कुठला? बोटी बर्फासाठी धक्क्याला लागलेल्या, दुपारच्या भरतीला निघायच्या. त्यात माझ्या पोराची, हरेशचीही. बर्फ नाही तर बोट नाही.

आता माझी एक सवय. बाहेरचा मेकॅनिक आला की प्रत्येक पार्टवर सुनेच्या नेलपॉलिशचा ठिपका मारायचा. हे लोक चांगला पार्ट पिशवीत घालतात आणि भंगार बसवून जातात. डोळ्यांनी बघितलंय मी! पण ह्या बाईनं एक स्क्रू उघडला नाही. लॅपटॉप काढला, वायर डब्याला लावली, झालं. आता ठिपका मारू कशावर? हवेवर?

"मॅडम, जुन्या डोक्याचा नंबर किती?"

"दोन, काका."

"आनि नवा?"

"चार."

"मंग तीन कुठं हाय?"

"तीनमध्ये दोष निघाला. कंपनीनं मागं घेतला."

"चारात न्हाय कशावरनं?"

ती हसली. कामाच्या वेळी हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

"काका, थोडा वेळ कशालाही हात लावू नका हं. मध्येच वायर निघाली तर डबा मेला समजा."

बघा! हात लावू नका असं कोण म्हणतं? ज्याचा हात दुसऱ्याच्या खिशात असतो तो!

लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकू लागली. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. ती दारात गेली आणि बोलली, "हो सर, जुनं सगळं पुसतेय. कॉपी घेतलीय मी माझ्याकडे."

माझं टाळकंच फिरलं. आमचं पुसलं आणि कॉपी हिच्याकडे? दिवसाढवळ्या? म्हणजे ती पट्टी नव्हे, आमचा माल चाललाय तिच्या लॅपटॉपात! उठलो आणि वायर उपटली. वर डब्याचा खटकाही पाडला.

"चोर पकडला, भाई!"

अश्रफभाई अनवाणी धावत आले. मॅडमनं खटका वर केला. एकच लाल दिवा लागला, बाकी डबा मेलेला.

"काका, काय केलंत हे? कॉपी तुमच्याच मशीनची होती. नवं डोकं बसलं की परत डब्यात भरायची होती. आता डोकंच अर्धवट राहिलं. नवा डबा उद्याच्या बोटीनं मांडव्याला येईल, तेव्हाच हे चालू होईल."

"या अल्ला!" अश्रफभाई मटकन खाली बसले.

हरेश आत आला. "बरफ कुठं हाय?" सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"बाबा, तुमी? अख्ख्या बंदरात माझीच बोट गावली तुमाला अडवायला?"

मी छताचे पत्रे बघत राहिलो.

मॅडमच म्हणाली, "हातानं चालवता येईल. पण डब्याचं काम माणसानं करायचं. एकसारखं पळावं लागेल."

"कोन पळनार?" मी विचारलं. विचारलंच का मी!

मग काय! ती फोनवर वेळ बघणार, "काका, पाणी!" की मी पाण्याचा वाल उघडायला पळणार. "काका, पाडा!" की लुंगी खोचून दुसऱ्या टोकाला, बर्फ पाडायला. जरा टेकलो की हरेश बर्फाच्या ढिगावरून, "बाबा, लाईट गेली काय?" खलाशी शिट्ट्या मारत होते, मेले. पण बर्फ पडला. भरती उतरायच्या आत बोटी निघाल्या, हरेशची सगळ्यात शेवटी.

मी पोत्यावर आडवा झालो. अश्रफभाईंना आता हसू सुटलं. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"मॅडम, आमच्या ह्या डब्याचं व्हर्जन लई जुनं हाय. ह्याच्यात काय नवीन घालता येईल का?"

मॅडमनं लॅपटॉप बंद केला.

"नको, भाई. अर्ध्यावर वायर उपटतील ते."