पुढच्या चाकावरचं ओझं

"पेटी हँडललाच बसली पाहिजे," चेअरमन म्हणाले. "छातीच्या उंचीला. फोटोत बोर्ड दिसला पाहिजे."

मी हातात पान्हा धरून उभा. समोर स्टँडवर माझ्या मेव्हण्याची, रंगनाथची, सायकल. बाजूला चेअरमनच्या जीपमधून उतरवलेली पत्र्याची पेटी. पेटीच्या तोंडावर लाल अक्षरांत चेअरमनचं नाव, खाली 'यांच्या आशीर्वादाने', आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत 'राहाता ते कन्याकुमारी सायकल यात्रा'. रंगनाथचं नाव कुठंच नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. राहात्यात बाजाराच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, म्हणून जसं आठवतं तसं सांगतो.

त्या दिवसांत सायकलवर देश फिरायचं वेड निघालं होतं. पोरं निघायची, गावोगाव साहेबांचे सही-शिक्के वहीत घ्यायची, परत आली की हार घालून मिरवायची. रंगनाथला असलं काही वेड नव्हतं. मॅट्रिक होऊन तीन वर्षं तो रिकामा होता. साखर फॅक्टरीचे चेअरमन म्हणाले, "माझं नाव घेऊन कन्याकुमारीला जाऊन ये, फॅक्टरीत चिकटवतो." पोरगं देश बघायला निघालं नव्हतं, नोकरीला निघालं होतं.

सायकलला पुढं सामान लावायचं त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. लावून बघा. मागचं ओझं सायकल ओढून नेते, पण पुढचं ओझं तुमच्या हाताबरोबर वळतं. सामान पुढं तीन ठिकाणी लावता येतं. एक, हँडलला टोपली किंवा पेटी. दिसायला सोपं, पण वजन वर राहतं. हँडल वळलं की ते आणखी वळवतं, सरळ करायला गेलं तर हात दुखून येतात. दुसरं, मडगार्डवर लोखंडी कॅरियर. वळकटीला ठीक. तिसरं म्हणजे चाकाच्या दोन्ही अंगाला, आसाच्या जवळ, दोन पिशव्या. पुढचं चाक ज्या लोखंडी दुबेळक्यात बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. त्या चिमट्याच्या टोकाला आसाच्या नटाखाली पट्टी धरायची, तिच्यावर पिशव्या लटकवायच्या. वजन खाली. हँडल हलकं.

हे तिसरं मला सुचलं नव्हतं. माझ्या बायकोला सुचलं. हौसा तिचं नाव. रंगनाथ तिचा पाठचा, एकुलता एक भाऊ. आई लवकर गेली, हिनंच त्याला कडेवर वाढवला.

ती म्हणाली, "कुंभाराचं गाढव बघितलंय का कधी? गोण दोन्ही अंगाला लोंबती. पाठीच्या वर काय नसतं."

मी म्हणलं, "तुझा भाऊ गाढव हाय का?"

"तुमच्या दुकानात येतोय म्हंजी असंलच," ती म्हणाली.

तिच्याकडं शिलाईची मशीन होती. ट्रकच्या जुन्या ताडपत्रीतून तिनं दोन पिशव्या शिवल्या. दुहेरी टाके, तोंडाला बंद, मागं पट्टी घालायला नेफा. मग दोन्हींत ज्वारी भरून तराजूच्या दोन पारड्यांना टांगल्या आणि एकीकडची मूठभर काढून काटा मधोमध आणला. "आता ध्येनात ठेव रं," भावाला म्हणाली. "हिकडं ट्यूब घातली तर तिकडं तेवढंच काय तरी घालायचं."

"व्हय आक्का. तिकडं तुझा धपाटा ठिवतो."

पट्ट्या मी वाकवून ठेवल्या होत्या. नुसत्या बसवायच्या होत्या. तेवढ्यात जीप आली.

चेअरमननी पिशव्यांकडं बघितलं. "हे काय? ह्याच्यावर नाव कुठं लिहिणार? अन चाकापाशी कोण वाचणार?"

हौसा मागच्या दारातून म्हणाली, "साहेब, वर ओझं झालं तर हँडल धरवत न्हाई."

चेअरमन तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "मिस्त्री तू हायेस का ती?"

ड्रायव्हर हसला. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं. हौसा घागर घेऊन पाण्याला निघून गेली.

मी पेटी हँडलला लावून बघितली. बसेना. त्या वेळच्या सायकलींना ब्रेकला वायर नसायची. हँडलपासून खाली चाकापर्यंत लोखंडी दांडी यायची, तिच्या टोकाला घोड्याच्या नालासारखी पट्टी आणि पट्टीला दोन रबरं. पुढच्या ब्रेकची दांडी बरोबर पेटीच्या जागेतून जात होती.

"साहेब, ब्रेक आडवा येतोय."

"मग काढ की. मागं ब्रेक हाय ना?"

"हाय."

"एका सायकलीला किती ब्रेक लागत्यात?"

ह्याला उत्तर होतं. उताराला पुढचा ब्रेक लागतो. मागचा एकटा भरल्या सायकलीला धरत नाही, रबर तापून गुळगुळीत होतं. हे मी रोज गिऱ्हाईकांना सांगायचो. त्या दिवशी रंगनाथ माझ्या तोंडाकडं बघत उभा होता, आणि त्याच्या तोंडावर नोकरी दिसत होती. मी नाही म्हणलं असतं तर दुसऱ्या दुकानात पेटी बसली असती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. बसली असती की नसती, देव जाणे. माझ्या दुकानात बसली एवढं खरं.

मी ब्रेक काढला आणि मागच्या भिंतीला खिळ्याला टांगला.

"दाजी, पुढचा ब्रेक?" चेअरमन गेल्यावर रंगनाथनं हळूच विचारलं.

"मागचा बास हाय. जपून चालव."

तो 'बरं' म्हणाला. मी मिस्त्री होतो ना.

दुसऱ्या दिवशी निरोप होता. फोटोवाला आला. चेअरमननी सायकलच्या पेटीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. हौसानं भावाला ओवाळलं, हँडललाही कुंकू लावलं. पेटीमुळं खालचं काही दिसत नव्हतं. ती मला म्हणाली, "ब्रेक बघितले का नीट?"

"बघितले."

पाचव्या दिवशी निरोप आला. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर पलीकडच्या उताराला सायकल हातातून गेली. वळणाला हँडल पेटीनं ओढलं, मागचा ब्रेक धरेना. रंगनाथ दगडांवर आपटला. उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली. मी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात महिनाभर त्याच्या उशाशी होतो. पाय राहिला, पण चार बोटं आखूड झाला.

चेअरमन एकदाही आले नाहीत. मी परत आलो त्या आठवड्यात त्यांचा ड्रायव्हर आला, तोही पेटी न्यायला. एका ट्रकवाल्यानं मोडकी सायकल घाटातून दुकानापुढं आणून टाकली होती, तिलाच पेटी होती. एका कोपऱ्याला पोचा आला होता, नाव शाबूत होतं.

"साहेबांनी इचारलंय," ड्रायव्हर म्हणाला, "सायकलीला पुढचा ब्रेक कसा न्हाई? लोकं लई बोलत्यात."

त्याच्यासमोरच साहेब 'काढ की' म्हणाले होते. तो माझ्याकडं बघत होता. काय उत्तर न्यायचं ते ठरवूनच आला होता. दारात दोन-तीन गिऱ्हाईकं उभी होती. हौसा आतल्या उंबऱ्यात होती.

मी म्हणलं, "मी तर लावून दिलता. त्यानंच काढला आसंल वाटंत."

"आसंल, आसंल," ड्रायव्हर म्हणाला, आणि पेटी सोडवून घेऊन गेला.

मी मागं वळलो. हौसा माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या डोक्यावर भिंतीला जो खिळा होता, त्याच्याकडं बघत होती. ब्रेक तिथंच लटकत होता. महिना झाला होता, मला तो काढून ठेवायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

ती आली. स्टुलावर चढून ब्रेक खाली घेतला. त्या दोन पिशव्यांत गुंडाळला आणि आतल्या खोलीत माळ्यावर ठेवून दिला. मग विचारलं, "भाकरी टाकू का?"

एवढंच. ती भांडली असती तर मी मोकळा झालो असतो. तिनं मला मोकळं केलं नाही.

गावात माझंच खरं झालं. रंगनाथला कुणीतरी दवाखान्यातून आल्यावर विचारलं, "ब्रेक कशाला काढला रं?" तो माझ्याकडं बघून म्हणाला, "व्हय, चुकलंच माझं." मी तिथं बसून चहा पीत होतो. चहा संपवला.

नोकरी मिळाली नाही. लंगडा माणूस फॅक्टरीत काय करणार, असं चेअरमन म्हणाले म्हणे. रंगनाथनं राहात्याच्या बाजारात बी-बियाण्याच्या दुकानात बसून जन्म काढला. मी दुकान चालवलं. अवघड फिटिंग असलं की लोक माझ्याकडंच यायचे.

हौसा दोन वर्षांमागं गेली. ताप काय, तीन दिवसांत संपलं. दहाव्याच्या विधीला तांब्याचा जुना हंडा लागत होता, म्हणून मी माळ्यावर चढलो. हात ताडपत्रीला लागला. खाली घेऊन सोडलं, तर आत तोच ब्रेक.

इतक्या वर्षांत त्याचा गंजून भुगा व्हायला पाहिजे होता. लोखंड आहे ते. पण दांडीला गंज नव्हता. बोटाला तेल लागलं.

दरवर्षी खंडेनवमीला आम्ही दुकानातली सगळी हत्यारं पुसून, तेलाचा हात देऊन पुजायचो. पूजा झाली की हौसा तेलाची बुधली मागून घ्यायची आणि आत जायची. शिलाईच्या मशीनला तेल देत असेल, असं मी धरून चाललो. आत जाऊन एकदाही बघितलं नाही.

रंगनाथ काठी टेकत आत आला. त्यानं ब्रेक ओळखला. हातात घेतला, बोटं चोळून वास घेतला.

"म्हंजी आक्काला ठावं हुतं."

"व्हय."

"पहिल्यापास्नं?"

"व्हय."

त्यानं ब्रेक परत ताडपत्रीवर ठेवला. मग म्हणाला, "मी तिच्यासाठी गप ऱ्हायलो, दाजी. तुमच्यासाठी न्हाई. तिचा संसार मोडू नये म्हणून."



शिकण्यासारखं विचाराल तर थोडंच आहे. पुढचं ओझं खाली, दोन्ही अंगाला सारखं, आसाच्या जवळ. आणि जे सामान बसवायला ब्रेक काढावा लागतो, ते सामान घ्यायचं नाही, मग त्याच्यावर नाव कुणाचंही असो. हे मला तेव्हाही येत होतं.

दुकान आता बंद आहे, पण दाराच्या फळ्या सकाळी उघडतो आणि बसतो. ब्रेक पुन्हा त्याच खिळ्याला टांगलाय. येणारे-जाणारे विचारतात, हा कशाचा. मी सांगतो, रंगनाथच्या सायकलीचा. मी काढला.